बाळंतिणीचं गाडगं

परवा सुनेनं कसलासा लाडू हातावर ठेवला. तोंडात घातला, टाळूला चिकटला, आणि मी उठून मोरीत जाऊन थुंकून आले. सून म्हणाली, "अहो आई, चांगल्या दुकानातला आहे, महागाचा." असेल की. माझ्या टाळूला किंमत कळत नाही. मीठ कमी-जास्त झालेलं हल्ली मला समजत नाही, डॉक्टर म्हणतात वयानं चव जाते. पण डब्यातलं तूप मला अजून बरोबर कळतं. त्याची किळस साठ वर्षं माझ्या टाळूला बसली आहे आणि तिच्याबरोबर आणखीही एक गोष्ट बसली आहे. दोन्ही एकदाच्या लिहून टाकते, म्हणजे सुनेलाही कळेल की म्हातारी उगीच नखरे करत नाही.

आमचं गाव सीनेच्या काठावर, माढ्याचा बाजार गाडीनं दोन तासांवर. घरात आबा, म्हणजे माझे वडील, आई, थोरली बहीण गोदा, मी आणि आत्ती. आत्ती आबांची थोरली बहीण. लग्न होऊन चार वर्षांत नवरा गेला, आणि ती एक म्हैस घेऊन माहेरी परत आली. त्या म्हशीच्या पुढं चार म्हशी झाल्या. आमच्याकडं दिवस कोंबड्यानं उगवायचा नाही, आत्तीच्या घुसळणीनं उगवायचा. खांबाला लावलेली रवी, मोठा डेरा आणि दोरीचा घर्र-घुम्म, घर्र-घुम्म असा आवाज. त्या आवाजात मी कूस बदलून पुन्हा झोपायची. उठलं की जोंधळ्याची गरम भाकरी, शेंगाची चटणी, वर लोण्याचा गोळा. थंडीत हुलग्याचं माडगं. लोणी कढायला ठेवलं की आत्ती चुलीपुढून हलायची नाही. बुडबुड्यांचा आवाज बदलला की विड्याचं पान टाकायची, पान कुरकुरीत झालं की भांडं उतरवायची. तळाला राहिलेली बेरी गूळ घालून आम्हा पोरींना. ती बेरी मिळावी म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं असं मला तेव्हा वाटायचं. पुढं कळलं, मी त्याहून कमी मोलावर विकली गेले.

आत्तीच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, त्यांच्यावाचून पुढचं कळणार नाही. एक तिचं नाक, त्याच्यापासून काही लपायचं नाही. दुसरी, आत्ती रागावली की हसायची. आवाज चढवणं नाही, शिव्या नाहीत. दात दिसतील एवढं हसायची आणि हळू आवाजात असं बोलायची की समोरच्याला पळता भुई थोडी व्हावी. परक्याला वाटायचं म्हातारी किती आनंदी आहे. आम्ही घरातली मात्र ती हसली की गप्प बसायचो.

आमच्या गावात बाळंतिणीचं गाडगं असायचं. दर सोमवारी दुभत्याच्या प्रत्येक घरून लिंबाएवढा लोण्याचा गोळा आमच्याकडं यायचा. आत्ती ते कढवून एका काळ्या गाडग्यात भरायची आणि तोंडाला फडकं बांधून ठेवायची. ते तूप कुणाच्या मालकीचं नव्हतं. गावात कुणीही बाळंत झालं की पाचवीपासून चाळीस दिवस रोज दोन पळ्या त्या घरी. दुभतं असो वा नसो. वेशीबाहेरच्या वस्तीत मात्र ते वरून ओतलं जायचं, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी नुसती आत्तीची आरती ओवाळत बसले असं होईल. आलेला प्रत्येक गोळा ती नाकाशी धरायची. "हे चार दिसाचं हाय. परत ने." एकदा पाटलिणीला सगळ्यांसमोर असं परत पाठवलं होतं, हसत. त्यामुळं आत्तीनं दिलं म्हणजे डोळे झाकून खावं, असं पाच-सहा गावांत बोललं जायचं. तिच्या नावावर ना शेत होतं ना घर. तिची सगळी इस्टेट म्हणजे तिचा शब्द.

त्या वर्षी गोदा पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. गाडगं काठोकाठ भरलेलं होतं. गोदा बाळंत झाली, मुलगा झाला, आणि तिसऱ्याच दिवशी गावात मोटार आली.

मोटारीतून एक गोरटेले, गोल गृहस्थ उतरले. अंगात कोट, खाली धोतर, डोक्यावर सायबाची टोपी. मागं पत्र्याच्या डब्यांची रास आणि तीन पायांची एक पेटी घेतलेला फोटोवाला. कुठल्याशा मोठ्या कंपनीचं डब्यातलं विलायती तूप, म्हणजे वनस्पती, खपवायला ते आले होते, आणि त्यासाठी खेड्यातल्या सुखी घराचं हलतं चित्र काढायचं होतं. त्यांचं नाव गावात कुणी लक्षात ठेवलं नाही, सगळे डबेसाहेबच म्हणायचे. ते आमच्याच पडवीत उतरले. खादाड पण गोड माणूस. आत्तीच्या तुपाशिवाय त्यांचा घास उतरत नसे. पुरणाच्या पोळीवर तूप, मुगाच्या खिचडीवर तूप, नुसत्या भाकरीवर तूप. म्हणायचे, "आत्याबाई, असं तूप मी जन्मात खाल्लं नाही."

आत्तीनं विचारलं, "मग तुमच्या डब्यात काय हाय?"

"ते व्यापाराचं," डबेसाहेब म्हणाले आणि आणखी एक पळी वाढून घेतली. सहा दिवस ते आमच्याकडं राहिले, पण स्वतःच्या डब्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही. हे एकट्या माझ्याच लक्षात आलं असेल असं नाही. सगळ्यांनी बघितलं आणि सगळ्यांनी सोडून दिलं.

गाव तर पार येडं झालं होतं. घरटी एक डबा फुकट, असं चावडीत ठरलं. न्हाव्याला दिवसभर उसंत मिळाली नाही. पाटील लग्नातला फेटा बांधून फिरत होते. कुणीतरी म्हशीला तेल लावून शिंगं रंगवून नवरीसारखी सजवून आणली. डबेसाहेबांनी कपाळाला हात लावला. त्यांना चित्रात आधी घाणेरडं घर हवं होतं, धुरानं काळं, माशा घोंगावणारं, आणि डबा आल्यावर तेच घर लख्ख. आमचं अंगण आईनं पहाटे सारवलेलं. मग काय, म्हणाले, जरा राख, कचरा, शेण आणून टाका. आणि लोकांनी आणलं. पाट्या भरभरून आणलं. ज्यांनी आमच्याकडची तुपाची पळी खाऊन आपल्या लेकीबाळी उभ्या केल्या, ते आमच्या अंगणात उकिरडा टाकताना एकमेकांना म्हणत होते, "हितं आजून टाक की, हितं चांगलं दिसंल." आई दारात उभी राहून बघत होती.

आबांना तीन गावांची डब्यांची एजन्सी हवी होती. हे सांगताना मला लाज वाटते, पण आबा वाईट माणूस नव्हते. चार माणसांत मान मिळावा, एवढीच त्यांची भूक. डबेसाहेबांनी त्यांना पडवीच्या कोपऱ्यात नेऊन सांगितलं की चित्राचा शेवट झकास हवा. खरी बाळंतीण, खरं मूल, आणि तिला वाढणारी आत्याबाई, जिचं नाव सगळ्या मुलखाला माहीत आहे. चित्रात दाखवायचं ते तूप मात्र कंपनीचंच असलं पाहिजे, नाहीतर वरचे साहेब खोटं चित्र म्हणतील. खोट्याची ही तऱ्हा मी नंतर आयुष्यात पुष्कळ ठिकाणी पाहिली, पण पहिल्यांदा तिथं.

आदल्या दिवशी दुपारी आत्ती नदीला धुणं घेऊन गेली होती. मी माजघरात शिरले तर आबा खाली बसलेले, पुढं बाळंतिणीचं गाडगं. आतलं रवाळ तूप त्यांनी दोन रिकाम्या डब्यांत काढलं होतं. ते सोलापुरातल्या मोठ्या साहेबाला भेट जायचं होतं. आणि गाडग्यात ते कंपनीचं पांढरं भरत होते, बोटांनी, कारण पळीला ते सुटत नव्हतं. त्यांनी वर बघितलं. मला वाटलं मारतील. पण ते म्हणाले, "कमळे, तुला चित्रात घ्येणार हायेत. बोटं चाटून दाखवायची, बास. आत्तीला बोललीस तर न्हाय घ्येणार."

मी म्हणाले, "बरं."

अकरा वर्षांची होते मी. लहान होते, असं म्हणून सुटता येईल. पण मला सगळं कळत होतं. ते तूप गोदाच्या ताटात जाणार, आत्तीच्या हातानं जाणार, हे कळत होतं. आणि तरी रात्रभर मी चित्रात कशी दिसेन याचाच विचार केला.

दुसऱ्या दिवशी उन्हात, उकिरडा हलवून साफ केलेल्या कोपऱ्यात बाज टाकली. फोटोला ऊन लागतं, म्हणून आठ दिवसांची बाळंतीण अंधाऱ्या खोलीतून बाहेर आणून सगळ्या गावापुढं बसवली. गोदानं कान बांधलेले, डोळे मिटलेले, मांडीवर पोर उन्हानं रडून लाल झालेलं. आई एवढंच म्हणाली, "दृष्ट लागंल हो पोराला." आबा म्हणाले, "शिनमाला दृष्ट लागत न्हाय." डबेसाहेबांनी आत्तीला विचारलं, चित्रापुरतं कपाळाला कुंकू लावता का, बरं दिसेल. आत्तीनं पदर भुवयांपर्यंत ओढून घेतला. फोटोवाल्यानं आधी माझं काम उरकलं. वाटीतलं पांढरं बोटावर घेतलं, चाटलं, हसले. मेणबत्ती चाखल्यासारखं लागलं, टाळूला थर बसला. पुन्हा चाटायला लावलं, पुन्हा हसले. मग गोठ्यामागं जाऊन पोटातलं सगळं बाहेर येईस्तोवर थुंकले. ते थुंकणं चित्रात नाही.

परत आले तेव्हा आत्ती गाडगं घेऊन बाजेजवळ बसत होती. फोटोवाला पेटीची मूठ फिरवायला लागला. आत्तीनं फडकं सोडलं, पळी बुडवली, आणि पळी वर येता येता तिचा हात थांबला. तिनं नाक जवळ नेलं. मग आत्ती आबांकडं वळली आणि हसली. दात दिसतील एवढं हसली.

"शंकर," ती म्हणाली, "ह्यो बाळंतिणीचा घास हाय. ह्यात मेण भरलंस तू? आपल्या लेकीच्या तोंडात घालाया?" मग डबेसाहेबांकडं वळून तशीच हसत, "आन् तू रं. माज्या चुलीचं खाल्लंस आन् माज्याच गाडग्यात मुतलास." असं बोलून ती उठली, गाडगं उकिरड्यावर पालथं केलं आणि फोडलं. फोटोवाला मूठ फिरवतच होता. डबेसाहेबांनी त्याला थांब म्हटलं नाही.

त्या बाळंतपणात गोदाला गाडग्यातलं तूप पुढं मिळालं नाही. पुढच्या सोमवारी आत्तीनं नवं गाडगं मांडलं. चार गोळे आले. बाकीच्यांचं लोणी माढ्याच्या बाजारात गेलं होतं, कारण घरात डबा होता ना फुकटचा. ज्या बायका यायच्या त्या येईनाशा झाल्या, आणि आत्ती विहिरीवर दिसली की दुसऱ्या वाटेनं जायच्या. आबांना एजन्सी मिळाली. पडवीत डबे रचले गेले. पुढं मी सोलापुरात राहून शिकले, मास्तरीण झाले, ती त्याच डब्यांच्या जिवावर. तेव्हा आबांना नावं ठेवताना माझी जीभ अडखळते, अडखळावीच.

चार महिन्यांनी कंपनीची गाडी पडदा घेऊन माढ्याच्या बाजारात आली. दिवेलागणीला आख्खं गाव तिथं. चित्र मुकं. मध्ये मध्ये पाट्या यायच्या आणि कंपनीचा एक माणूस त्या मोठ्यानं वाचायचा. आधी आमचं घाणेरडं अंगण आलं, लोक खुशीत ओरडले, "आपल्या गावचा उकिरडा." मग मी आले, बोटं चाटत. मग गोदा, मग आत्ती. पळी हातात, पदर भुवयांपर्यंत, आणि ती हसत होती. ओठ हलत होते. मग पाटी आली आणि तो माणूस वाचू लागला: "आत्याबाई सांगतात, आता माझी घुसळण सुटली. बाळंतिणीला मी हेच तूप देते. तुम्हीही द्या." पुढं काही नव्हतं. गाडगं फुटलंच नाही. आणि आमच्या गावानं, ज्यांच्या डोळ्यांदेखत ते झालं होतं, ज्यांनी ते कानांनी ऐकलं होतं त्या आमच्या गावानं टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा कळलं की माणूस आपल्या कानांनी ऐकलेलं किती सहज विकतो. थू.

आत्ती त्या दिवशी आली नव्हती. तिला ते आठवड्यानं कळलं. मोहोळच्या बाजूची एक बाई दारात आली, खांद्यावर नातू घेऊन. सून आजारी होती, दूध आटलं होतं. तुपानंच झालं असं ती म्हणत नव्हती, भांडायला पण आली नव्हती. ती आत्तीला विचारायला आली होती. "तुमी शिनमात सांगितलं म्हून म्या डबा घ्येतला. रोज दोन पळ्या घालतीया. का जादा घालू?"

आत्तीनं तिला आत बसवलं, ताककण्या खायला घातल्या, घरात होतं नव्हतं तेवढं लोणी बांधून दिलं. शिनमात काय सांगितलं आणि पडदा आता टेंभुर्णीच्या बाजारात लागणार, ते तिनं त्या बाईकडूनच सगळं वदवून घेतलं. मग मला म्हणाली, "कमळे, टेंबुर्णीचा बाजार कवा हाय?"

टेंभुर्णी माझं आजोळ. मामाची गाडी आली होती, तिच्यात बसून आम्ही दोघी गेलो. सूर्य बुडाला, पडदा लागला. या वेळी डबेसाहेब स्वतः गाडीजवळ उभे होते. आत्ती माणसांतून वाट काढत थेट पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. पडद्यावरची आत्ती हसून ओठ हलवायला लागली आणि खालची आत्ती मोठ्यानं बोलायला लागली. जे बोलली होती तेच, शब्दन् शब्द. "शंकर, ह्यो बाळंतिणीचा घास हाय. ह्यात मेण भरलंस तू?" चित्रातले ओठ आणि तिचे शब्द बरोबर जुळत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी आत्तीला ओरडताना ऐकलं. "माज्या चुलीचं खाल्लंस आन् माज्याच गाडग्यात मुतलास."

बाजार फुटला हसून. लोकांना वाटलं, कंपनीनं सोंग आणलंय. शिट्ट्या, टोप्या वर. पुन्हा लावा, पुन्हा लावा म्हणून गलका. डबेसाहेबांनी पुन्हा लावलं. आत्ती पुन्हा बोलली, कारण तिला वाटलं, दुसऱ्यांदा तरी ऐकतील. पुन्हा हशा. त्या संध्याकाळी गाडीतले सगळे डबे संपले. डबेसाहेब घाम पुसत आले, डोळ्यांत खरोखर कौतुक. "आत्याबाई, कमाल केलीत. दर बाजारी या. गाडी पाठवतो." मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, त्यांना ते खरंच आवडलं होतं.

तेवढ्यात एक पोर आली, सातवा-आठवा महिना असेल, हातात नवा डबा, मागं सासू. तिनं आत्तीच्या पायाला हात लावला आणि डबा पुढं केला. "आत्ती, ह्येला तुमचा हात लावा की. तुमचा हात लागला म्हंजी बाळंतपण चांगलं हुतंय म्हंत्यात."

आत्ती म्हणाली, "पोरी, म्या आत्ता काय बोलले ते आयकलंस न्हवं?"

"व्हय की," पोर म्हणाली. "लई हसलो आमी."

आत्तीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. पोर डबा धरून उभीच. शेवटी सासूनं तिला दंडाला धरून ओढलं. "चल, लाजतीया म्हातारी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाची गाडी आम्हाला घेऊन निघाली. दोन्ही बाजूंना जोंधळा उभा, बैलांच्या गळ्यात घुंगरं. आत्ती चाकाकडं बघत बसली होती. अर्ध्या वाटेवर, मान न वळवता, तिनं विचारलं, "कमळे, गाडग्यात त्ये भरताना तुला ठावं हुतं का गं?"

तिचं नाक किती तिखट होतं ते मला माहीत होतं. तरी मी म्हणाले, "न्हाय, आत्ती."

तेव्हा तिनं मान वळवली, माझ्याकडं बघितलं, आणि हसली.